चालायला सांगितले आहे, पण चालायचे कोठून?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

माझे वय ५८ आहे आणि मी कोथरूडला राहते. गेल्या महिन्यात रक्ततपासणीत माझे एचबीए१सी, म्हणजे मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचे प्रमाण, ६.१ टक्के आले. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, रोज अर्धा तास भराभर चालायला सांगितले. आमच्या रस्त्याला पदपथ आहे, पण तो इतका उंच आहे की गुडघ्यावर हात ठेवून चढावे लागते, आणि चढून गेले की पुढे दुचाकी लावलेल्या असतात. खाली उतरून चालावे तर मागून हॉर्न वाजतात. यजमान म्हणतात ट्रेडमिल घेऊ. मुलगा म्हणतो, रोज पहाटे गाडीने टेकडीपाशी सोडतो. सोसायटीच्या बैठकीत मी पदपथाचा विषय काढला, तेव्हा "हे महापालिकेचे काम आहे, आपल्या हातात काय आहे?" असे म्हणून तो संपवण्यात आला. सासूबाई आजारी असल्याने मला सलग वेळही मिळत नाही. मी काय करावे? आणि चालायचे केव्हा, सकाळी उपाशीपोटी की जेवल्यानंतर?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी थोडक्यात उत्तरे देते आणि मग कारणांकडे वळते. ट्रेडमिल सध्या घेऊ नका. मुलाच्या गाडीने टेकडीवर जाणे आठवड्यातून एखाद्या दिवशी ठीक आहे, रोज नको. रोजचे चालणे घराभोवतीच्या कामांत बसवा आणि ते आजपासून सुरू करा. महापालिकेच्या मागे अवश्य लागा, मात्र त्याआधी तुमच्या सोसायटीच्या फाटकापाशी उभे राहून पदपथाचे काय झाले आहे ते नीट पाहा.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ या टप्प्यात असेल, तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे १३.६ कोटी लोक तुमच्यासारखे उंबरठ्यावर आहेत. तुमच्या डॉक्टरांनी गोळी न देता चालायला सांगितले, यात त्यांनी तुमची बोळवण केलेली नाही. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ व्यक्तींवर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले होते. ज्यांना केवळ नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना या काळात मधुमेह झाला. ज्यांना आहार आणि रोजचे भराभर चालणे यांविषयी सातत्याने मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३९ टक्के राहिले. औषध घेणाऱ्या गटालाही जवळपास तेवढाच लाभ झाला. विशेष म्हणजे चालणाऱ्यांचे वजन फारसे घटले नव्हते, तरीही हा फरक पडला. म्हणून काही आठवड्यांत काटा हलला नाही, तर चालणे सोडून देऊ नका.

आता वेळेचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पूर्वी या हिशेबात सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरू नये अशी अट होती, ती या सूचनांत काढून टाकण्यात आली. तुमच्यासारख्या घरात अडकलेल्या व्यक्तीच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. दुधासाठी सात मिनिटे जाणे, सात मिनिटे येणे, दुपारी औषधांच्या दुकानापर्यंत एक फेरी आणि रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटे, एवढ्यात अर्ध्या तासाहून अधिक चालणे होते, आणि सासूबाईंना फार वेळ एकटे सोडावेही लागत नाही. फक्त ही पावले रेंगाळत टाकलेली नसावीत. चालताना सोबतच्या व्यक्तीशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये, एवढी गती ठेवा. मुलाने घड्याळ दिले असेल आणि ते दहा हजार पावलांचा आग्रह धरत असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला आणि तसाच रूढ झाला. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदरही सर्वांत कमी चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी आढळला होता, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर लाभ फारसा वाढत नव्हता.

तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, तरी घरातून कोणीतरी म्हणेलच की दिवसभर तर तू उभीच असतेस, आणखी चालायचे कशाला. ओट्यापाशी उभे राहणे थकवते, हे खरे. पण त्याने हृदयाची गती पुरेशी वाढत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार भारतात २०२२ साली सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. या अंतरामागे आळस आहे असे मला वाटत नाही. "मी फिरायला जाते" असे म्हणून घराबाहेर पडणे अनेक बायकांना अजूनही अवघड जाते. "भाजी घेऊन येते" म्हटले की कोणी अडवत नाही. म्हणून मी तुम्हाला कामाच्या निमित्ताने चालायला सांगते आहे. व्यायाम म्हणून वेगळा काढलेला वेळ घरातल्या पहिल्या अडचणीला बळी पडतो. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसच्या चालक-वाहकांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्याने वरखाली करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे दिसले. ते वाहक काही व्यायामाला जात नव्हते, तिकिटे देत होते.

ट्रेडमिल वाईट नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये झड लागते तेव्हा तिचा उपयोग होईलही. पण त्या दिवसांत सोसायटीचे वाहनतळ आणि जिना हे फुकट उपलब्ध आहेत. माझी हरकत दुसरी आहे. रस्ता वाईट म्हणून चालणारा माणूस घरात गेला की रस्त्यावर चालणारे आणखी कमी होतात, आणि जो उरतो त्याची वाट अधिक कठीण होते. जेकबसन या अमेरिकी अभ्यासकाने २००३ साली अनेक शहरांची आकडेवारी तपासून दाखवले की जेथे पायी चालणारे अधिक, तेथे प्रत्येक चालणाऱ्याला असलेला अपघाताचा धोका कमी असतो, कारण वाहनचालक त्यांची अपेक्षा ठेवून वाहन चालवतात. टेकडीबाबतही असेच आहे. वेताळ टेकडी पुणेकरांचे भाग्य आहे, आणि सुटीच्या दिवशी मुलासोबत तेथे जरूर जा. परंतु चालण्यासाठी रोज गाडी काढायची, पायथ्याच्या गल्लीत ती कोणाच्या तरी पदपथालगत लावायची आणि तासाभराने परत आणायची, हा उपाय ज्या रोगावर आहे तोच रोग थोडा वाढवतो. शिवाय गुडघ्यांची तक्रार असताना टेकडीचा उतार चढापेक्षा अधिक त्रास देतो.

आता पदपथाविषयी. भारतीय रस्ते महासभेच्या २०१२ च्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची वाट अडथळ्याविना मोकळी असावी आणि त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. ही उंची म्हणजे आपल्या घरातल्या जिन्याची एक पायरी, किंबहुना थोडी कमीच. तुम्हाला गुडघ्यावर हात ठेवून चढावे लागते, याचा अर्थ दोष बहुधा तुमच्या वयात नसून त्या दगडाच्या उंचीत आहे. मोजपट्टी लावली की दोन मिनिटांत कळेल. पुणे महापालिकेने २०१६ साली स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले आणि रस्त्यांच्या आराखड्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही तयार केली. त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना सुरू झाली, आणि रुंद पदपथ, बसण्याची जागा, झाडांची सावली एकत्र आल्यावर ज्येष्ठ मंडळी व लहान मुले रस्त्यावर कशी दिसू लागतात, हे आपण सर्वांनी पाहिले. २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही साजरा होतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून सर्व राज्यांना पदपथांविषयी मार्गदर्शक सूचना तयार करण्यास फर्मावले. कागदावर पुण्याच्या पादचाऱ्याला काहीही कमी नाही.

कमी पडते ते तुमच्या फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत, आणि म्हणूनच मी फाटकापाशी थांबायला सांगितले. आपल्या पदपथांचा एक मोठा दोष असा, की प्रत्येक सोसायटीच्या प्रवेशद्वारापाशी पदपथ खाली उतरवला जातो आणि पुढे पुन्हा चढवला जातो. खरे तर पदपथ सलग एकाच पातळीत ठेवून वाहनाने उतारावरून त्यावर चढावे आणि आत जावे; चालणाऱ्याने पातळी बदलू नये. प्रत्यक्षात गाडीच्या सोयीसाठी माणसाला चढउतार करावा लागतो, आणि एका गल्लीत दहा इमारती असतील तर दहा वेळा. त्यात अनेक सोसायट्या स्वतःच सिमेंटचा जादा उतार ओततात, फाटकाबाहेर कुंड्या मांडतात, रखवालदाराची खुर्ची पदपथावर ठेवतात आणि पाहुण्यांच्या दुचाकी तेथेच लावायला सांगतात. तुमच्या बैठकीत "आपल्या हातात काय आहे?" असे ज्यांनी विचारले, त्यांना हे उत्तर द्या. तक्रार म्हणून विषय मांडू नका, ठराव म्हणून मांडा: पाहुण्यांची वाहने आत किंवा रस्त्यावर परवानगी असलेल्या जागी लावावीत, कुंड्या आत घ्याव्यात, फाटकासमोरचा पदपथ मोकळा ठेवण्याची सूचना रखवालदाराला लेखी द्यावी. यासाठी महापालिकेचा एक रुपयाही लागत नाही. दोन-तीन सोसायट्यांनी असे केले, तर दूध आणायच्या वाटेचा मोठा भाग मोकळा होतो. एक इशारा मात्र देऊन ठेवते: पाहुण्यांची म्हणून उभी असलेली अर्धी वाहने सभासदांचीच निघतील, आणि बैठकीतला विरोध तेथून येईल.

फाटकापलीकडचे काम महापालिकेचे आहे, आणि तेथे "पदपथ खराब आहे" अशी सर्वसाधारण तक्रार केली की ती एका विभागाकडून दुसऱ्याकडे फिरत राहते. एका तक्रारीत एकच जागा आणि एकच दोष असू द्या. मोजपट्टी लावलेले छायाचित्र, जवळच्या खांबाचा क्रमांक किंवा इमारतीचे नाव आणि नेमकी मागणी लिहून ती महापालिकेच्या पीएमसी केअर या सुविधेवर नोंदवा आणि एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात पोच घेऊन द्या. पदपथाची उंची, उखडलेले ब्लॉक आणि चेंबरची उघडी झाकणे हे पथ विभागाकडे. वाहने लावण्याचा प्रश्न आणि सिग्नलचा कालावधी वाहतूक पोलिसांकडे. मध्येच उभी असलेली विजेची पेटी महावितरणकडे. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे. त्यासाठीचे अर्ज मागवले जातात तेव्हा आपल्या प्रभागातील पदपथदुरुस्ती किंवा एखादे ओलांडणीचे ठिकाण सुचवता येते. रस्तारुंदीकरणाच्या मागण्यांच्या मानाने असे अर्ज थोडे येतात, हे लक्षात ठेवून पाचसहा शेजाऱ्यांनी मिळून एकच काम सुचवावे.

अतिक्रमण म्हणून कोपऱ्यावरच्या भाजीवालीला हटवा, अशी मागणी मात्र करू नका. पथविक्रेत्यांना २०१४ च्या कायद्याने संरक्षण आहे, ही एक बाजू झाली. दुसरी अशी, की ती तेथे बसते म्हणून तुम्ही आणि तुमच्यासारख्या वीसजणी पायी बाहेर पडतात, आणि संध्याकाळी त्या कोपऱ्यावर दिवा व माणसे असतात. तिची टोपली आणि १.८ मीटरची मोकळी वाट एकाच ठिकाणी कशी बसेल, हे विचारा. अनेकदा दोन फूट मागे सरकून काम भागते. पदपथ अडवणारे सर्वांत मोठे अतिक्रमण चारचाकी आणि दुचाकींचे असते, पण त्याला आपण पार्किंग म्हणतो.

रस्ता ओलांडण्याचा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, तरी तो येणारच. सिग्नलचा कालावधी ठरवताना चालणाऱ्याची गती सामान्यतः सेकंदाला १.२ मीटर धरली जाते. त्या गतीने २४ मीटर रुंद रस्ता २० सेकंदांत ओलांडता येतो. पण गुडघे दुखणारी ज्येष्ठ व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास चालत असेल, तर तिला ३० सेकंद लागतात. सिग्नल वीस सेकंदांचा असेल, तर शेवटचे आठ मीटर ती वाहनांच्या समोर असते. हे गणित कागदावर मांडून वाहतूक पोलिसांना द्या. दुभाजकात थांबायला जागा नसेल, तर तीही मागा. वेगाबाबत सांगायचे तर, ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगाने मोटार धडकली तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्या देशात २०२२ साली रस्ते अपघातांत मरण पावलेल्या सुमारे १,६८,००० लोकांपैकी जवळजवळ ३३,००० जण पायी चालणारे होते. तुमच्या गल्लीत गतिरोधक असावा की नसावा, यावर बैठकीत वाद झाला तर हे आकडे वाचून दाखवा.

कोणी दुकानदार म्हणतील की पदपथ रुंद केला आणि गाड्या लांब गेल्या की धंदा बसेल. कोपनहेगनमधील मुख्य बाजाराचा रस्ता १९६२ साली वाहनांना बंद झाला, तेव्हाही तेथील व्यापाऱ्यांनी हेच म्हटले होते. तो रस्ता आजही पादचाऱ्यांचाच आहे आणि तेथील बाजार चालू आहे. पुण्याचे रस्ते निराळे, पण चालत येणारा माणूसही ग्राहक असतो, एवढे त्यातून सांगता येते.

पहिले दोन आठवडे दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटे चाला, मुख्य रस्त्यापेक्षा आतल्या गल्ल्यांतून. तेथे धूरही कमी असतो. पदपथ नसेल तेथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने चाला. अंधार पडल्यावर फिक्या रंगाचे कपडे असावेत, आणि सोनसाखळी घरी ठेवणे बरे. शक्य असेल तर शेजारच्या दोघीतिघींना सोबत घ्या. तुम्ही मेट्रोने डेक्कनकडे जात असाल, तर एक स्थानक आधी उतरा. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप ही स्थानके एकमेकांपासून साधारण एक किलोमीटरवर आहेत. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार कमी होतो, म्हणून खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा.

सकाळी की जेवल्यानंतर, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या बाबतीत जेवल्यानंतर असे आहे. उंबरठ्यावरील साखर असलेल्या ज्येष्ठांवर २०१३ साली झालेल्या एका लहानशा अभ्यासात सकाळी सलग ४५ मिनिटे चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटे चालल्याने रात्रीच्या जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहिली. सकाळी वेळ मिळत असेल तर तेव्हाही चाला, पण रात्रीची फेरी चुकवू नका. चालताना छातीत दडपण आले, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली किंवा नेहमीपेक्षा फार दम लागला, तर तेथेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. पायाला घट्ट बसणारे, टाच धरून ठेवणारे बूट किंवा सँडल वापरा, सपाता नकोत. पुढची तपासणी तीन महिन्यांनी आणि त्याच प्रयोगशाळेत करा, कारण एचबीए१सी हा मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब असतो आणि पंधरा दिवसांनी रक्त देऊन त्यातून काहीच कळत नाही.